डाव्या पायाची चौकशी

ती चौकशी आठवली, की आजही हात आपोआप बुटाच्या नाडीकडं जातो.

मी तेव्हा सहायक फौजदार होतो. मूळचा परभणीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. नोकरीनं जुन्नर-आंबेगावात आणून टाकलं. इंग्रजी कागद पुढं आला, की निवृत्तीपर्यंत तो लेखनिकापुढं सरकवायचो.

एक दिवस नारायणगावचा एक तरुण तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आला. त्याच्या वर्गातली डिंभ्याकडच्या मेंढपाळाची मुलगी नर्सिंग शिकत होती. पाय अधू असल्याचं खोटं प्रमाणपत्र दाखवून ती दिव्यांगांची शिष्यवृत्ती घेते, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून मोबाईलवरचा व्हिडिओ. वॉर्डात ती ट्रे घेऊन सरळ चालली होती.

मुलीला बोलावलं. ठाण्यातही तशीच सरळ चालत आली. प्रमाणपत्र खरं आहे, एवढंच म्हणाली. पुढं खाली मान. गप्प माणूस आमच्या खात्याला लवकर गुन्हेगार वाटतो. वरिष्ठ म्हणाले, गुन्हा दाखल करा. तसं झालं असतं तर तिचं शिक्षण तिथंच संपलं असतं, आणि शाळा सुटणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. जिल्हा रुग्णालयाला पत्र धाडलं, आईवडिलांचे जबाब बाकी आहेत म्हणून दोन दिवस मागून घेतले.

डिंभ्याला एसटीचा भरवसा नाही. जीपनं गेलो. मुलगी फाट्यावर भेटली, माझ्या पुढं घरापर्यंत चालत गेली. दारात तिनं बूट काढले, आणि आत जाताना तिचा डावा खांदा प्रत्येक पावलाला खाली जाऊ लागला.

मी डावा बूट उचलला. उजव्यापेक्षा चांगलाच जड. तळाला टायरचं दोन बोटं जाड रबर, वर पांढरा रंग.

"म्याच बशिवलंय, साहेब," वडील म्हणाले. "ल्हानपणी पाय मोडला, मग वाढलाच न्हाई."

मुलीला विचारलं, ठाण्यात का बोलली नाहीस?

"लंगडते म्हणलं तर कोर्स जाईल, सरळ चालते म्हणलं तर शिष्यवृत्ती. काय बोलू?"

चौकशीला आलेल्या परमुलखातल्या पोलिसाला मुलीच्या आईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. ती भाकरी मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी अर्जदाराला समोर बसवलं. तिला कधी अनवाणी पाहिलंस?

तो हसला. "वॉर्डात अनवाणी कोण फिरतंय, राव?"

मी मुलीच्या वडिलांकडून आणलेला तिचा जुना डावा बूट टेबलावर ठेवला. त्यानं तो उलटा करून पाहिला. परत हसला नाही.

रुग्णालयाचं उत्तर आलं. प्रमाणपत्र त्यांचंच होतं. नियम मी लेखनिकाकडून तीनदा वाचून घेतले. तिच्या पायाची टक्केवारी शिष्यवृत्तीत बसत होती आणि नर्सिंगच्या प्रवेशातही. दोन्ही तिच्या हक्काचं. चौकशीचा अहवाल मात्र मी माझ्या हातानं लिहिला आणि ताठ मानेनं साहेबांपुढं ठेवला.

सरळ चालणाऱ्याला त्रास नसतो, असं त्यानंतर मी कधी धरून चाललो नाही.

परवा रक्तदाब तपासायला सरकारी दवाखान्यात गेलो. वजनकाट्यापाशी पांढऱ्या गणवेशात तीच उभी. मला ओळखलं, पण रांगेसमोर काही न दाखवता म्हणाली, "साहेब, आधी बूट काढा."