ऑगस्टमध्येच लाल झालेला मेपल

आई गेल्यावर, २००२ च्या एप्रिलमध्ये, बाबा सहा महिन्यांसाठी नागपूरहून अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्याकडे आले. मी आणि नवरा ऑफिसला गेलो की ते दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. शेवटी एका शनिवारी मी त्यांना नर्सरीत नेलं. त्यांनी मेपलचं रोप निवडलं. थंडी सोसणारं आणि भराभर वाढणारं.

"मला सावली बघायला मिळेल असं हवं," ते म्हणाले.

घरामागच्या अंगणात त्यांनीच खड्डा खणला, रोप लावलं. परत जाताना एवढंच बजावलं, की बुंधा उघडा ठेव, त्यावर काही चढवू नकोस. मी हो म्हटलं. पण आमच्या रस्त्यावर सगळेच झाडाभोवती सालींच्या चुऱ्याचा, मल्चचा, उंच ढीग करायचे. तो नीटनेटका दिसायचा, म्हणून दर वसंतात मीही करत गेले. चार वर्षांत मेपल गॅरेजच्या छपराच्याही वर गेला.

२००६ च्या ऑगस्टमध्ये त्याची एक बाजू लाल झाली. आपलं झाड सगळ्यांच्या आधी रंगलं, म्हणून मी कौतुकानं बाबांना फोन केला.

"ऑगस्टमध्ये? बुंधा उघडा आहे ना?"

"हो, बाबा."

पुढच्या वसंतात त्या बाजूला पानंच आली नाहीत. झाडांची पाहणी करणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं हातानं ढीग उपसला. मुळं वर चुऱ्यात शिरून बुंध्याभोवती गुंडाळली गेली होती, आणि झाडाचा गळा त्यांनीच आवळला होता. गेल्या वर्षी बोलावलं असतं तर ती कापून बघता आली असती, असं तो म्हणाला. जूनमध्ये आम्ही मेपल पाडला.

त्याच महिन्यात बाबांनी यायचं काढलं.

"पुढच्या वर्षी या," मी म्हटलं. "यंदा ऑफिसात फार काम आहे."

दर रविवारी ते झाडाची चौकशी करायचे. सावली किती पडते, खाली कुणी बसतं का. खुर्ची टाकून बसते, असं मी सांगायचे. ते नसलेलं झाड मी त्यांच्यासाठी आठ महिने वाढवत राहिले.

२००८ च्या फेब्रुवारीत ते गेले. मी पोचले तिसऱ्या दिवशी. भाऊ म्हणाला, दिवाळीत त्यांनी पासपोर्ट नवा करून घेतला होता. झाडाचं मी अजूनही भावाला सांगितलेलं नाही.