दादाचा तिसरा खांदा

आमच्या दादाला उजव्या बाजूला आजवर तीन खांदे झाले. पहिला जन्माचा. तो छतांनी खाल्ला. दादा गिलावा करणारा. भिंती काय कुणीही करतो, पण छत म्हटलं की लोक दादालाच बोलवायचे. उभा जन्म हात डोक्याच्या वर. शेवटी शर्टाचं बटण लावता येईना, तेव्हा डॉक्टरांनी धातूचा खांदा बसवला. तो दुसरा. आता तिसऱ्याची गोष्ट सांगते, आणि सांगताना माझं डोकं तापणार, हे आधीच सांगून ठेवते. मी त्याची धाकटी बहीण. समोरच्याच घरात राहते, त्यामुळे सगळा तमाशा पुढच्या रांगेत बसून पाहिलाय.

वहिनीच्या कण्याला आजार झाला आणि तिचे पाय गेले. जीभ मात्र शाबूत. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर तिला दादा उचलायचा. तिने गळ्यात हात टाकायचे, त्याने ‘चला राणीसरकार’ म्हणत तिला अलगद उचलायचं. दुसरा खांदा बसवला तेव्हा डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. दादाने शहाण्यासारखी मान डोलावली. सकाळी मी वहिनीला उचलून बसवायला जायची, तर बाईसाहेब आधीच खुर्चीत! ‘कुणी बसवलं?’ विचारलं की दोघंही खिडकीबाहेर बघायची.

व्हायचं तेच झालं. खांदा दुखायला लागला, आत काहीतरी हलल्यासारखं वाटायला लागलं. डॉक्टरबाईंनी एक्स-रेचा फोटो समोर धरला. धातूची वाटी ज्या हाडावर स्क्रूंनी घट्ट केली होती, ते हाडच झिजून खळगा पडला होता.

‘काही उचलत होतात का?’ त्यांनी विचारलं.

‘वजनदार काही नाही,’ दादा म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘बायको उचलतो हो हा! रोज!’

‘ती काय वजन आहे का?’ दादा म्हणाला. आणि मेला अगदी मनापासून म्हणाला.

डॉक्टरबाईंनी समजावलं, की जुनी वाटी काढायची, दादाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन खळगा भरायचा आणि वर नवी वाटी बसवायची. दादाला हे लगेच पटलं. ‘म्हणजे आधी भरणी, मग वरचं काम. वाळायला किती वेळ?’

‘हाड वाळत नाही, रुजतं. महिने लागतात. पण ऐका, हेही ढिलं झालं, तर पुन्हा काही बसवायला तिथे हाडच उरणार नाही. हात नुसता लोंबत राहील. माणूस उचलणं बंद. कायमचं.’

वहिनीने घरी सगळं निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मला शुश्रूषागृहात नेऊन ठेवा.’

‘डोकं फिरलंय का तुझं?’ दादा म्हणाला.

‘मी समोर असले की तुम्ही उचलणार. हात बांधला तर दातांनी उचलाल. मी काय आज ओळखते तुम्हाला?’

ऑपरेशनच्या आधीच ती तिकडे गेली. दोन सेवक येऊन तिला गाडीत घेऊन गेले. दादा दारात उभा होता.

ऑपरेशननंतर बधिर करायच्या इंजेक्शनमुळे त्याचा हात लाकडासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी हात जागा झाला, दादा काही जागा झाला नाही. खांद्यापेक्षा कमरेला जास्त दुखायचं म्हणे, तेही मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. हात झोळीत, झोप खुर्चीत. डबा नेला की जेवायचा. एकदा भाजीत मीठच पडलं नव्हतं, तरी हूं की चूं नाही. अरे, ओरड ना माझ्यावर! मी दोघांचं मिळून बोलायची, आणि घरी येऊन रडायची. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

वहिनीला भेटायला मात्र तो जायचा. तिथे तिला उचलायला यंत्र होतं. पाठीखाली कापडी पट्टा सरकवायचा, बटण दाबलं की माणूस वर. दादा ते टक लावून बघायचा. मग एक दिवस तसलंच यंत्र त्याने घरी आणलं. डाव्या हाताने चालवायला शिकला आणि सराव कुणावर? माझ्यावर. मी हवेत लोंबकळत शिव्या देतेय आणि हा खाली उभा राहून पट्टा तपासतोय. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी दादा हसला.

मग सीटी स्कॅन झाला. डॉक्टरबाई खूश. कमरेचं हाड खांद्याच्या हाडात एकजीव झालं होतं. शुश्रूषागृहात जाईपर्यंत दादा रस्ताभर मला, वहिनी घरी आली की पलंग कुठे सरकवायचा ते सांगत होता.

वहिनी बातमी ऐकून खूप आनंदली. डोळे पुसले तिने. यंत्राचंही सगळं ऐकलं. मग विचारलं, ‘मध्येच अडलं, आणि मी तशीच लोंबकळत राहिले, तर काय कराल?’

‘हिला हाक मारीन,’ दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

‘ती बाजारात गेलीय. घरात तुम्ही आणि मी. बोला.’

दादा खिडकीबाहेर बघायला लागला.

‘खोटं बोलू नका हं माझ्याशी.’

त्याने जमिनीकडे बघितलं. ‘उचलीन,’ म्हणाला.

‘म्हणूनच येत नाही मी,’ वहिनी म्हणाली. ‘आता नाही आणि नंतरही नाही. मला कितीही यावंसं वाटलं तरी.’

मी भांडले, मी सोबत राहीन म्हणाले, माझं घर बंद करते म्हणाले. तिने फक्त मान हलवली. दादाने वादच घातला नाही. तिची उशी सारखी केली, आणि आम्ही निघालो.

बसमध्ये मला रडू आवरेना. दादा शेजारी ताठ बसला होता, हात मांडीवर. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, ‘खांदा दुखतोय का रे?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘आता काहीच दुखत नाही.’