बिनभोकाची कुंडी

चहावर फुंकर घालताना गाल फुगवायचे. जिना चढण्याआधी छाती भरून श्वास घ्यायचा, जणू वर कार्यक्रमच आहे. सकाळी ओल्या फडक्याने रबराच्या झाडाचं एकेक पान पुसायचं आणि म्हणायचं, "झालं नाक साफ. घे आता श्वास."

ही शेजारच्या काकांची रीत. ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. वयाने माझ्या वडिलांहून मोठे, तरी मित्रच. गेल्या आठवड्यात झोपेतच गेले. मला अजून खरं वाटत नाही.

झाड काकूंनी लावलेलं. काकू गेल्यावर काका त्याच्याशीच गप्पा मारत. पाणी ठिबकतं अशी खालच्या मजल्यावरून तक्रार आली, तेव्हा त्यांनी कुंडीचं भोक सिमेंटने बुजवून टाकलं. काही दिवसांनी पानं पिवळी पडली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते झाडाला आणखी पाणी घालू लागले. पानं गळतच राहिली.

शेवटी त्यांची थोरली बहीण आली. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिने मातीत बोट खुपसून वास घेतला.

"बुडवलंस की रे ह्याला!"

"ताई, पानं रोज पुसतो. श्वास घेता यावा म्हणून."

"आणि मुळांचं काय? आपली फुप्फुसं हवा घेतात, रक्त त्यातला प्राणवायू अंगभर पोचवतं. झाडाला ना फुप्फुसं, ना रक्त. पान, खोड, मूळ, ज्याने त्याने आपापला श्वास घ्यायचा, दिवसा आणि रात्रीही. मुळं तो घेतात मातीतल्या फटींतून. त्या तू पाण्याने भरल्यास."

"पण पाणी तर लागतंच ना?"

"तुलाही लागतं. हौदात बुडी मारून ट्रम्पेट वाजव बघू!"

काका इतके हसले की ठसका लागला. मग दोघांनी झाड उपटलं, कुजलेली मुळं छाटली आणि ते माझ्या आईच्या जुन्या कुंडीत लावलं. मी खोड धरून उभी होते.

पुढे एका सकाळी ट्रम्पेट कडाडला. नवं पान फुटलं होतं. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी आपटली.

"ही कुंडी लहान पडणार," काका म्हणाले. त्यांनी पत्र्याचा मोठा डबा आणला. "एवढी भोकं पाडतो, की झाड शीळच घालेल."

डबा गॅलरीत पालथा आहे. तळाला खडूचे ठिपके. काही आरपार झालेत. पुढच्यावर खिळ्याचा नुसता पोचा आहे. शेजारी हातोडा.