चौथा शॉकअप

"तुम्हाला त्रास नको," हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं आणि बहुतेक वेळा शेवटचंही. लिफ्टमध्ये भेटले की अंग चोरून कोपऱ्यात सरकायचे आणि हे म्हणायचे. चहाला बोलावलं तर दारातच म्हणायचे, आणि मग आत येऊन दोन कप प्यायचे. असा एखादा माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. आपण त्याला गरीब स्वभावाचा म्हणतो आणि पुढे त्या स्वभावाचा व्यवस्थित फायदा घेतो.

सिंगापूरला, सेंगकांग भागात, आमच्याच मजल्यावर तीन दारं सोडून ते राहायचे. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत हिशेबतपासणीच्या खात्यात होते. वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, पण मला कायम 'अहो' म्हणायचे. सोमवार ते शुक्रवार एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने जायचे. गाडी फक्त शनिवार-रविवारची.

ती गाडी म्हणजे त्यांचा जीव. जुनी, दोन दारांची, हाताने गिअर टाकायची जपानी गाडी. शनिवारी सकाळी कारपार्कच्या चौथ्या मजल्यावर जाऊन ते तिच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवायचे, जोर लावून खाली दाबायचे आणि सोडून द्यायचे. मग मान तिरकी करून बघत राहायचे. चांगली गाडी एकदाच उसळते आणि गप्प बसते. यांची अडीच-तीनदा डुलायची. "शॉकअप गेलेत," ते दर शनिवारी सांगायचे. मी दर शनिवारी "अरेरे" म्हणायचो.

सिंगापूरमध्ये गाडीचा परवाना दहा वर्षांचा असतो. तो वाढवायचा तर लाखांत खेळावं लागतं, नाहीतर धडधाकट गाडी भंगारात द्यायची. त्यांच्या गाडीचे चौदा महिने राहिले होते. परवाना वाढवायचा नव्हता, कारण निवृत्त होऊन पुण्याला परतायचं पक्कं झालं होतं. पण त्याआधी त्यांना एक गोष्ट करायची होती. मलेशियातल्या थंड हवेच्या डोंगरावर, वळणावळणाच्या रस्त्याने, ही गाडी एकदा नीट चालवायची.

"इथे वळण म्हणजे काय, कारपार्कचा रॅम्प," ते म्हणायचे. "मी गाडी शिकलो ती घाटात. आणि या बिचारीने अजून एक घाट पाहिला नाही."

साधे शॉकअप कुठेही मिळाले असते. पण त्या गाडीसाठी एका जपानी कंपनीने खास, शर्यतीच्या तोडीचे, घट्टसैल करता येणारे चार शॉकअप काढले होते आणि पुढे बंद केले होते. ते तीन वर्षं शोधत होते. नियमात बसतात का, हे त्यांनी आधीच पत्र पाठवून विचारून ठेवलं होतं. माणूसच तसा.

त्या डिसेंबरात आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून जपानला गेलो. हॉटेलची बुकिंगं त्यांनीच केली होती, आमची खोलीसुद्धा त्यांच्याच नावावर. बायका-मुलांना हरणं बघायला पाठवून एका दुपारी मी त्यांच्याबरोबर ओसाकाबाहेरच्या एका दुकानात गेलो. दोन गाड्या बदलून आणि वीस मिनिटं चालून. हमरस्त्याला लागून दुमजली गोदाम, आत फक्त जुने सुटे भाग. चाकं, सीटा, सायलेन्सर, सगळं पुसून-लखलखीत करून रांगेत ठेवलेलं, आणि प्रत्येकावर हाताने लिहिलेली चिठ्ठी: कुठे ओरखडा, कुठे गंज. आपल्याकडे लग्न जमवतानाही कोणी इतकं खरं सांगत नाही.

वरच्या मजल्यावर, अगदी खालच्या फळीवर, ते चार शॉकअप होते. मूळ खोकं हरवलेलं म्हणून निम्म्या किमतीत. ते गुडघ्यावर बसले. प्रत्येक शॉकअपच्या दांड्याभोवती टिश्यू पेपर फिरवून तेल गळतंय का पाहिलं आणि चारही कोरे कागद मला दाखवले. विक्रेता पोरगेला होता, त्याला इंग्रजी येत नव्हतं. हे त्याच्याशी सरळ मराठीत बोलले. "अहो, जरा उजेडात धरता का?" त्याने धरला. बिल होईपर्यंत यांचा एक हात त्या फळीवर होता, दुसरं कोणी येऊन उचलेल म्हणून.

एकेक पाच-साडेपाच किलोचा. "दोन माझ्या बॅगांत बसतील," ते म्हणाले. "दोन कुरिअरने पाठवतो. तुम्हाला त्रास नको."

इथे माझ्यातला कर्ण जागा झाला. "कुरिअर कशाला? दोन काय, चारही द्या इकडे. आमच्या बॅगा रिकाम्याच आहेत."

"तुमचा खाऊ किती उरलाय?" हिशेबतपासनीसच ते.

"संपलाच समजा," मी म्हणालो. शेवटी दोन त्यांनी ठेवले आणि दोन माझ्याकडे दिले.

आता आपण मराठी माणसं परदेशात फिरायला कशी जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. सासूबाई दिवाळीला सिंगापूरला आल्या होत्या आणि जाताना आमच्या जपानसाठी चिवडा, लाडू, थालीपिठाची भाजणी असं डबेच्या डबे करून गेल्या होत्या. जाताना बॅग भरलेली, येताना खाऊ संपून रिकामी, हा आपला नेहमीचा हिशेब. तो हिशेब मी डबा न उघडताच सांगून टाकला. पोरांनी आठ दिवस नूडल्स आणि भाताचे त्रिकोण खाल्ले होते. चिवड्याला कोणी शिवलंही नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी बायको आणि मुलं नाश्त्याला खाली गेली होती. मी वजनकाट्याला बॅग लटकवली. साडेचार किलो जास्त. बायकोने घेतलेले चिनी मातीचे वाडगे, माझे बूट, आणि तो अख्खा खाऊ. "आईने उभं राहून केलंय, एक कण टाकायचा नाही," हे मला आदल्या रात्रीच बजावलेलं होतं. जादा वजनाचे पैसे भरता आले असते, हेही खरं. खाली जाऊन त्यांना सांगता आलं असतं, हे तर त्याहून खरं. पण सांगितलं असतं तर त्यांनी लॉबीत स्वतःची बॅग उघडली असती, आपले कपडे काढून टाकले असते, आणि मला ते बघत उभं राहावं लागलं असतं. तेही माझ्या त्या बढाईनंतर.

मी एका हातात डबा आणि एका हातात शॉकअप घेऊन जरा वेळ उभा राहिलो. मग शॉकअप कपाटाच्या वरच्या फळीवर, जादाच्या ब्लँकेटच्या मागे सरकवला.

खरं सांगतो, तेव्हाही मनात होतं की खाली जाऊन बोलू. लॉबीत त्यांनी विचारलं, "बसलं ना सगळं?"

"बसलं," मी म्हणालो.

सिंगापूरला पोचलो त्या संध्याकाळी ते रिकामी पिशवी घेऊन आले. मी एक शॉकअप दिला आणि दुसरी बॅग त्यांच्यासमोर उघडली. असा काही चेहरा केला की मला नाटकात घ्यायला हवं होतं. "उघडलेली दिसतेय हो बॅग. विमानतळावर तपासणीत काढून घेतलेला दिसतोय."

ते आमच्या चपलांच्या कपाटावरच बसले. मला वाटलं, आता चिडतील. निदान दोन प्रश्न विचारतील. ते म्हणाले, "माझ्यामुळे तुमची बॅग उघडली गेली. तुमचं काही गेलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. तेवढ्यात बायकोने त्यांच्यासमोर बशी ठेवली. तोच चिवडा. त्यांनी सगळा खाल्ला, आणि सासूबाईंना मुद्दाम कळवा, खोबरं काय सुरेख तळलंय, असं सांगून गेले. मी त्या रात्री जेवलो नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

मग त्यांनी विमान कंपनीला पत्रं लिहायला घेतली. नम्र, मुद्देसूद, क्रमांक घातलेली. आणि प्रत्येक पत्र पाठवण्यापूर्वी मला वाचायला आणून द्यायचे, इंग्रजी तपासायला. मी तपासायचो. स्वल्पविराम घालायचो. लाज म्हणून काही असते की नाही? हॉटेलला फोन करीन, करीन म्हणत मी आठवडा घालवला होता, आणि आता फोन करायला तोंड उरलं नव्हतं. सापडला तर तो कुठे सापडला हे सांगावं लागणार होतं.

जानेवारीच्या शेवटी पत्रं अचानक थांबली. मीच विचारलं, तेव्हा म्हणाले, "सोडून दिलं. मोठ्या कंपन्या, कोणाकोणाच्या बॅगा बघणार." मला इतकं हलकं वाटलं की त्या रविवारी मी सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं.

तीन शॉकअप घेऊन ते एकदा गॅरेजमध्ये गेले होते, मी बरोबर होतो. तिथल्या चिनी अंकलने ते हातात फिरवून बघितले, छान आहेत म्हणाला, आणि मान हलवली. "थ्री कॅनॉट, लाह." त्यांनी तीनही पुन्हा कागदात गुंडाळले. चौथा शोधत राहिले, पण सुटा एक कोण विकतो? जूनची सुट्टी गेली. डिसेंबरची गेली. या काळात माझ्या मुलाच्या परीक्षेच्या सकाळी टॅक्सी मिळेना, तर हेच हाफ पँटवर धावत येऊन त्याला शाळेत सोडून आले होते. मुलगा म्हणाला, "अंकलची कार सो बाउन्सी, लाह." मी त्याला उगाच ओरडलो.

गाडी भंगारात द्यायच्या दिवशी त्यांनी ती धुतली, पुसली, आणि मला म्हणाले, "येता का? एकट्याने जाववत नाही." रॅम्पवरून ती खाली उतरवताना ते फार हळू चालवत होते. शेवटच्या वळणावर एवढंच म्हणाले, "घाट राहिला." मी खिडकीबाहेर बघत होतो. पुढच्या तीन महिन्यांत ते पुण्याला गेले.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी पुण्याला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. ते माझ्यासाठी बर्फी आणायला खाली गेले होते. वहिनी चहा टाकताना सहज बोलून गेल्या.

"तुम्ही कोणी मनाला लावून घेऊ नका हं ते जपानचं. माणूस विसरतं. आणि हॉटेलवाले किती सज्जन, महिन्याभराने यांना ईमेल केला, फोटोसुद्धा पाठवला. कपाटात ब्लँकेटच्या मागे होता म्हणे. बुकिंग यांच्या नावावर ना."

मी कप खाली ठेवला. "मग मागवला नाहीत?"

"मी म्हटलं की मागवून घ्या. हे म्हणाले, मागवला तर गाडीला लावावा लागेल, आणि लावला की शेजारचे विचारतील कसा मिळाला. काय सांगू? गाडी वर्षाची राहिली, तेवढ्यासाठी शेजार नासायला नको. त्यांना त्रास नको." वहिनी हसल्या. "हॉटेलवाल्यांना लिहून टाकलं, टाकून द्या म्हणून. मला म्हणाले, हे कधी बोलायचं नाही. मी आपली बोलून बसले. आता झाली की दोन वर्षं."

त्या 'विसरलं' म्हणत होत्या. पण ब्लँकेटच्या मागे कोणी काही विसरत नाही. हे जन्मभर हिशेब तपासणाऱ्या माणसाला कळलं नसेल? सगळं कळून तो माणूस वर्षभर रोज लिफ्टमध्ये मला जागा देत होता, माझ्या पोराला शाळेत पोचवत होता, आणि घाटावर पाणी सोडून बसला होता. मी स्वतःला तोपर्यंत जरा खोटारडा समजत होतो. त्या स्वयंपाकघरात मला माझी खरी किंमत कळली.

ते बर्फी घेऊन आले. रिक्षापर्यंत सोडायला आले. मी फाटकाशी थांबलो आणि म्हणालो, "ते जपानचं... मला तुमच्याशी बोलायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "अहो, फ्लाइट किती वाजता तुमची? ट्रॅफिक असतो इकडे. निघा तुम्ही."

तेव्हा त्यांनी मला अडवलं, असं मी आजही स्वतःला सांगतो. दोन मिनिटं तिथे उभं राहून बोलता आलं असतं. मी रिक्षात बसलो.

पुण्याला गेल्यापासून दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. पोरांच्या परीक्षा, लिफ्ट चालते का, कारपार्कला नवा रंग दिला का. पूर्वी मी अर्धा-अर्धा तास बोलायचो. त्या भेटीनंतर आधी दहा मिनिटांवर आलो, मग कामात असल्याचं सांगू लागलो.

परवाच्या रविवारी नाश्ता करताना फोन वाजला. टेबलावर त्यांचं नाव दिसत होतं. मी फोन पालथा केला. तो बराच वेळ वाजत राहिला.

"कोण आहे?" बायकोने आतून विचारलं.

"बँकेचा आहे," मी म्हणालो. "कार्ड घ्या म्हणतायत."