मंगळवारपासूनचे रहिवासी

कलकत्त्याच्या दंतवैद्यकाच्या शाळेने मला जागा दिली, तेव्हा देवासात दात उपटण्याचं काम एक न्हावी करी. त्याने दाढ काढल्यावर जबडा सुजून माझी आत्या गेली होती. मला ती विद्या शिकायची होती, पण फी भरण्याची घरची ऐपत नव्हती. महिन्याभरात फी पोचली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

देवासात दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. मोठ्या रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. शिपाईसुद्धा वेगळे. आमचं घर थोरल्या पातीत, आणि वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, धाकट्या पातीच्या कचेरीत कारकून. शिष्यवृत्ती दोन्हीकडे होती. थोरलीने अर्ज परत केला, कारण वडील त्यांचे नोकर नव्हते. धाकटीने परत केला, कारण आम्ही त्यांच्या हद्दीत राहत नव्हतो.

यावर दादांनी अस्सल देवासी उपाय काढला. रस्त्यापलीकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मंगळवारी सकाळी बिऱ्हाड हलवायला गाडी बोलावली. गाडीवाला समोरच्या दाराकडे बघत राहिला.

"भिया, सामने तो जाना है. बैल घूमेंगे तब तक घर आ जायगा."

"लोगों को दिखना चाहिए," दादा म्हणाले.

आईने विचारलं, "अहो, देव पण न्यायचे, की ते थोरल्या पातीतच राहणार?"

देवही गेले. मी पुण्याहून टपालाने येणारी सुधारकांची चारपानी पत्रकं वाचून वाढलेला. ही लबाडी आहे, असं मी दादांना सांगितलं.

"राहणार आहोत ना तिथे? मग लबाडी कसली? का तुझी पत्रकं फी भरणार आहेत?"

गुरुवारी मला कचेरीत बोलावलं. शिष्यवृत्त्या पाहणारे म्हातारे अधिकारी दादांना चांगले ओळखत. दादा पलीकडच्या मेजावर मान खाली घालून लिहीत होते.

"आमच्या हद्दीत राहता ना?"

"हो."

त्यांनी टाक दौतीत बुडवला. "कधीपासून?"

बरेच दिवस झाले, असं सांगायचं ठरलं होतं. मी म्हणालो, "मंगळवारपासून."

त्यांनी टाक खाली ठेवला. "विचारायला नको होतं मी," ते हळू म्हणाले. "आता ऐकलं, म्हणजे लिहावं लागणार."

अर्ज नामंजूर झाला. घरी पायरीवर जोडे काढताना दादा म्हणाले, "तुझी चूक नाही. वाचायला मीच शिकवलं तुला."

आईचा भाऊ धारला शाळामास्तर होता. त्याने कळवलं की धार संस्थानच्या शिष्यवृत्तीला बाहेरचा मुलगाही चालतो, पण करार लिहून द्यावा लागतो. शिकून आल्यावर दहा वर्षं दरबारच्या दवाखान्यात नोकरी, दरबार ठरवील त्या पगारावर. मी धारला गेलो. मजुरांना कागदाने बांधून घेण्याविरुद्ध मी आदल्याच वर्षी एक पत्रक छापलं होतं, आणि त्याची मुद्रितं मामानेच तपासली होती.

कचेरीच्या ओट्यावर मामा म्हणाला, "सही करायची नसेल तर आत्ताच सांग बाबा. मला या गावात राहायचंय."

मी करार दोनदा वाचला. सहा महिने पगार थकला तर करार सुटेल, एवढी एक ओळ घाला, अशी कारकुनाला विनंती केली.

तो हसला. "इथं ओळी वाढवत नाहीत. सही करणारे वाढतात."

मी सही केली. देवासात खोटं बोललो असतो तर ते दादांच्या नोकरीला चिकटून राहिलं असतं. या कागदाने बांधला गेलो तो मी एकटा. निदान तेव्हा मी स्वतःला असं समजावलं. फी मुदतीच्या तीन दिवस आधी पोचली.

दहापैकी चार वर्षं झाली आहेत. बदनावरकडची माणसं गाल फडक्याने बांधून येतात, बाकावर बसतात, आणि मी दाढा काढतो. पत्रकातलं माझं मत बदललेलं नाही. दरबारचा नोकर आहे तोवर, म्हणजे अजून सहा वर्षं, ते मला छापता मात्र येणार नाही.