स्वतःची फाईल स्वतःच अडकवल्याबाबत

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : अमेरिकेचा माहितीस्वातंत्र्याचा कायदा आणि आमच्या सौ.चा फोन.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, अर्जदार हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हेडक्लार्क असून... जाऊ द्या. चहा घ्या, सरळच सांगतो. सरकारी भाषेत लिहिली म्हणून फजिती काही कमी होत नाही.

मी अमेरिकेत, पिस्कॅटवेला मुलाकडे आलो तो सहा महिन्यांसाठी. सौ. वाईतच राहिली, म्हाताऱ्या आईला सोडून तिला निघता येईना. इथे आल्यावर सुहास म्हणाला, “बाबा, मी आता सिटिझन झालोय. तुमचं ग्रीन कार्ड अप्लाय करून टाकू. मग कधीही या, कधीही जा.”

मी त्यातलं ‘कधीही जा’ एवढंच ऐकलं आणि सही ठोकली. नंतर कळलं, अर्ज प्रलंबित असताना देश सोडला, तर अर्जही सोडला असं धरतात! मोकळेपणी जाता यावं म्हणून मी स्वतःला कोंडून घेतलं होतं.

सहाचे चौदा महिने झाले. करमेना, म्हणून लायब्ररीत जाऊन बसू लागलो. तिथल्या बाईंना एकदा गाऱ्हाणं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मग तुमची फाईल मागवा की. तसा कायदाच आहे.”

“कारण काय द्यायचं?”

“कारण लागत नाही.”

“वरिष्ठांची शिफारस?”

“कोण वरिष्ठ?”

अहो, इंग्रज आपल्याला काय देऊन गेले? सरकारी गुपितांचा कायदा! तो आम्ही इतक्या निष्ठेने पाळला की कचेरीच्या सहलीचा कागदसुद्धा ‘गोपनीय’ शिक्का मारून फिरायचा. आणि इथे कुणीही उठावं आणि सरकारला म्हणावं, दाखव माझी फाईल? त्याच दुपारी अर्ज टाकला. फाईल माझी का हलत नाही, एवढंच मला बघायचं होतं.

उत्तर आलं! ‘आपली फाईल नक्कल काढण्यासाठी मागवण्यात आली आहे.’ मी ते सुहासला दोनदा वाचून दाखवलं.

“बघ! हलली!”

“बाबा, मला विचारायचं तरी, यार!”

रविवारी सकाळी वाईला फोन लागला. आमच्या घरी फोन नाही, सौ. शेजारच्या डॉक्टरांकडे येऊन बसते. पाठीमागे कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता. तो आवाजसुद्धा किती गोड वाटावा!

“माझी खिडकीतली खुर्ची आहे ना गं?”

“तिच्यावर आता मांजर बसतं. कुणाचं का असेना, कुणीतरी बसलेलं दिसतं.”

मी विषय बदलला. ऐटीत कायदा सांगितला, पत्र वाचून दाखवलं.

“अहो, तुमच्या कचेरीत कुणी नक्कल मागितली की फाईल कुठे जायची?”

“नकला शाखेत.”

“आणि तिथून परत येईपर्यंत साहेब निर्णय द्यायचे?”

“छे! फाईलच टेबलावर नाही तर निर्णय कशावर...”

वाक्य तिने तिथेच तोडलं.

“बत्तीस वर्षं मी तुमच्या ऑफिसच्या गोष्टी ऐकल्या हो. तुम्ही नव्हत्या का ऐकल्या?”

दुसऱ्या दिवशी नक्कल नको म्हणून तातडीने अर्ज केला. त्याचंही उत्तर आलं : आपला अर्ज फाईलला जोडून विचारात घेण्यात येईल, फाईल जागेवर नसल्याने शोध सुरू आहे.

सद्यस्थिती : नकलेचा अर्ज प्रलंबित. नक्कल नको, हा अर्ज प्रलंबित. सौ. वाईत, अर्जदार पिस्कॅटवेत. मूळ अर्ज प्रलंबित.