डंपरचं साइड गार्ड कुठं गेलं?

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आज घोटावडे फाट्याजवळ सांडलेल्या खडीवरून माझी स्कूटी घसरली. मी स्कूटीसकट आडवी झाले आणि मागे बसलेली माझी जाऊ, सुनीता, घरंगळत शेजारच्या डंपरखाली गेली. ट्रॅफिकमुळे डंपर हळू चालला होता. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला, म्हणून वाचली. कोपर सोलवटलंय फक्त. तिची ओढणी मात्र मागच्या चाकाखालीच राहिली.

तिला ओढून बाहेर काढताना लक्षात आलं, डंपरला साइड गार्डच नव्हतं. चाकांमधल्या मोकळ्या जागेत माणूस जाऊ नये म्हणून आडवे लोखंडी पाइप लावतात ना, तेच. तिथं नुसती बोल्टची भोकं.

"गार्ड कुठंय?" मी ओरडलेच.

ड्रायव्हर केबिनमधून खाली उतरला होता. "आरटीओच्या पासिंगला लावलं हुतं की, ताई. पासिंग झालं की मालक काढाय लावत्यात. टायर बदलताना मधी येतं म्हणत्यात."

अहो, पासिंगच्या दिवशी गाडीखाली कोण येतं?

"मग आता कुठंय ते?"

तो खाली बघत म्हणाला, "मालकाच्या गोठ्याला लावलंय. वासरू सारखं रस्त्यावर पळायचं. गाडीखाली घावंल म्हणून."

वासराला जपलं, चांगलंच केलं. म्हणजे ते लोखंड कशासाठी असतं, हे मालकाला नीट कळतं. मग आमची सुनीता रस्त्यावर असताना ते का कळत नाही, एवढं मला कुणीतरी सांगा.